वर्डेलचं दोन अडतीस

वर्डेल पिकेट एकोणीस वर्षं आमच्या संघासाठी खेळाडू हेरत फिरला आणि एवढ्या वर्षांत त्यानं फक्त दोन क्वार्टरबॅकांसाठी, म्हणजे संघाचा चेंडू हातानं फेकणाऱ्या गड्यांसाठी, शब्द टाकला. बाकीचे हेरणारे दर मोसमात दोन-दोन टाकतात आणि चुकले की गुडघा असा होता, वारा तसा होता म्हणून हात झटकतात. वर्डेलला ते जमत नसे. पहिल्याच वर्षी त्यानं टेनेसीतल्या एका उंचपुऱ्या पोरासाठी टेबलावर मूठ आपटली होती. तो पोरगा चार सामने टिकला. दुधानं तोंड पोळलेला वर्डेल पुढची सोळा वर्षं ताक फुंकत राहिला. अहवालात लिहायचा, 'बरा आहे', 'पाहावा', 'हरकत नाही'. ते अहवाल मीच टाइप करायची, म्हणून सांगते, 'हरकत नाही' ही त्याची सगळ्यात मोठी स्तुती होती.

मी विल्डा कोशाक. टोलेडोत जन्मले आणि इथेच संघाच्या कचेरीत बावीस वर्षं काढली. मला अमेरिकन फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण फुटबॉलवाल्यांमधलं बरंच कळतं.

वर्डेल मूळचा अलाबामाचा. तिथल्या एका गावच्या शाळेत त्यानं सोळा वर्षं भूगोल शिकवला आणि पोरांचा संघ सांभाळला. अजूनही निम्मा अलाबामा त्याला 'कोच पी' म्हणतो. आमच्याकडे आल्यावर वर्षाला चाळीस हजार मैल गाडी हाकायची, हमरस्त्यावरच्या मोटेलात पाठ टेकायची आणि कॉलेजच्या मैदानात सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचं, हा त्याचा संसार. गाडीत उकडलेल्या शेंगांची पिशवी, गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. त्याची बायको लर्लीन म्हणायची, "लग्नाच्या अंगठीपेक्षा त्या घड्याळाला जास्त जपतो. अंगठी दोनदा हरवलीय."

दुसरा शब्द त्यानं टाकला तो कीनन रूडॉल्फसाठी. अडीच वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजच्या मैदानावर, मुसळधार पावसात. त्या दिवशी शेजारच्या शहरात मोठा सामना होता, म्हणून बाकी सगळे संघांचे लोक तिकडे पळाले होते. वर्डेल एकटा पत्र्याखाली बसला आणि कीननचे एक्केचाळीस पास त्यानं मोजले. आमच्या धंद्यात एक माप फार मानतात. चेंडू मागे क्वार्टरबॅककडे यायला निघाला की घड्याळ सुरू, त्याच्या हातातून सुटला की बंद. जितका वेळ कमी तितका गडी चलाख. कीननची सरासरी आली दोन पूर्णांक अडतीस शतांश सेकंद. वर्डेल कचेरीत आला तेव्हा त्याचे बूट अजून ओलेच होते. मला म्हणाला, "मिस विल्डा, लिहा. हा घ्या."

"फक्त 'हा घ्या'?"

"दोनदा लिहा."

संघानं घेतलं. कीनन टोलेडोला आला, दोन मोसम खेळला, आणि चौतीस सामन्यांपैकी आम्ही नऊ जिंकलो. गावाचा राग सरळ त्याच्यावर. यंदा ईस्टरआधीच्या उपवासांत, लेंटमधल्या एका शुक्रवारी मी चर्चच्या हॉलात तळलेला मासा खायला गेले, तर वाढणारी बाई ताटात कोबी टाकता टाकता मला म्हणते, "विल्डा, तो नवा सायर्स घेताय, की तोच दगड गळ्यात बांधून ठेवताय?"

ब्रॅडॉक सायर्स हा यंदाच्या कॉलेजच्या पोरांमधला. मोठं कॉलेज, सहा फूट चार इंच, हात तोफेसारखा. एप्रिलात सगळे संघ ओळीनं कॉलेजची पोरं निवडतात, त्या निवडीत आमचा क्रमांक तिसरा होता आणि पहिले दोघं त्याला घेणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे प्रश्न एकच उरला, दोन वर्षांपूर्वीचा कीनन की यंदाचा सायर्स?

वेगवेगळ्या वर्षांची पोरं एका तराजूत कशी तोलायची, यावर आमचा मुख्य व्यवस्थापक लॅनिंग ओस्टर याचा एक नियम होता. दर एप्रिलला आपल्या क्वार्टरबॅकची पाटीसुद्धा भिंतीवर नव्या पोरांच्या रांगेत लावायची, जणू तो आजच कॉलेजातून बाहेर पडलाय. त्याचे आमच्याकडचे सामने मोजायचे नाहीत, त्याचा फक्त कॉलेजातला अहवाल पाहायचा. "आपल्याकडे आल्यावर पोराचं काय झालं त्यात आपलीही पापं असतात," ओस्टर म्हणायचा. "मूळ माल कसा होता ते बघा." दुसरा नियम असा की ज्यानं शब्द टाकला त्यानं आपल्या पोराची चर्चा चालू असेपर्यंत उभं राहायचं. यंदाची निवड गुरुवारी संध्याकाळी होती. त्रेसष्ट वर्षांचा वर्डेल त्याआधीच्या मंगळवारी सलग दोन तास उभा होता.

सगळं सायर्सच्या बाजूनं होतं. उंची, ताकद, जिंकलेले सामने. कीननच्या पाटीवर दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, दोन अडतीस. सायर्सचं तेच माप दोन पंचावन्न.

"सतरा शतांश," वर्डेल म्हणाला. "तेवढ्यात अंगावर धावून येणारा गडी फेकणाऱ्याला आडवा करतो. सायर्स मोठ्या कॉलेजात वाचला, कारण त्याला राखायला पुढे पाच रेडे उभे होते. माझ्या पोरापुढे दोन शेळ्या आहेत."

आक्रमणाचा कोच मर्झ उसळला. "मग ते दोन अडतीस गेलं कुठे? दोन वर्षं मी रोज त्याच्या कानाशी ओरडतोय, दोन अडतीस, दोन अडतीस! येतो दोन साठवर. आळशी झालाय तो. पैसा आला की हात जड होतो."

"आळशी? सकाळी तुझी गाडी यायच्या आत तो मैदानात असतो."

"मग बिघडलाय."

"बिघडलेलं दुरुस्त होतं," ओस्टर शांतपणे म्हणाला. "नसलेलं आणता येत नाही. दोन अडतीस याच्यात होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागायचं? मर्झ, याला पुन्हा तिथे आण. तिसऱ्या क्रमांकाला आपण त्याच्यापुढे उभा करायला एक रेडा घेऊ. गुरुवारी सकाळी नऊला शेवटचं ठरवू."

वर्डेल खाली बसला तेव्हा त्याचे गुडघे वाजले. मला त्यानं डोळा मारला. मीही खूश झाले, कशाला खोटं सांगू? कीननची आई दर नाताळला मला पिकान नावाचे अक्रोड घालून केलेली बर्फी पाठवते, आणि मी लाच घेते.

बुधवारी दुपारी वर्डेल माझ्या दारात येऊन उभा राहिला. तोंडावर रक्त नव्हतं.

"मिस विल्डा, जरा चित्रफितीच्या खोलीत या."

"बरं वाटत नाही का? लर्लीनला फोन लावू?"

"या म्हणतो ना!"

एकोणीस वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. मी मुकाट्यानं गेले. पडद्यावर सायर्सचा कॉलेजातला एक सामना थांबवलेला होता. वर्डेलनं गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"चेंडू हलला की दाबा. त्याच्या हातातून सुटला की पुन्हा दाबा."

"मला कुठे येतं हे?"

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं."

मी दाबलं. दोन छत्तीस. पुन्हा दाबलं, दुसरा पास, दोन बत्तीस. दहा वेळा केलं. त्यानं कागदावर लिहून घेतलं आणि सरासरी काढली. दोन पस्तीस.

"भिंतीवर तर दोन पंचावन्न आहे," मी म्हणाले.

"ते चेंडूत बसवलेल्या चिपनं मोजलंय. आपल्या सामन्यांत ती केव्हापासूनच आहे, गेल्या वर्षापासून मोठ्या कॉलेजांतही तसंच मोजतात. मी मघाशी नुसता मजा बघायला बसलो होतो. हा किती संथ आहे ते डोळ्यांनी बघावं म्हणून. सवयीनं अंगठा चालला." त्यानं चित्रफीत बदलली. "आता हा आपला कीनन. गेल्या डिसेंबरातला सामना. दाबा."

मी दाबत गेले. दोन चाळीस. दोन सदतीस. दोन एक्केचाळीस. त्याच पासांचं चिपचं माप पडद्याच्या कोपऱ्यात होतं: दोन साठ, दोन अठ्ठावन्न, दोन एकसष्ट.

मला कळायला थोडा वेळ लागला. माणसाचं बोट सुरुवातीला उशिरा जागं होतं आणि शेवटाला आगाऊपणा करतं. चेंडू हललेला दिसतो, मग अंगठा दाबतो. हात वर गेला की आता सुटणार हे अंगठ्याला आधीच कळतं. दोन्हीकडून मिळून वीस शतांश खाल्ले जातात. माझ्याही अंगठ्यानं खाल्ले, वर्डेलच्याही. कीननच्या लहान कॉलेजात चिप नव्हती, होता फक्त वर्डेलचा अंगठा.

"म्हणजे चिपनं मोजलं असतं तर कीनन कॉलेजात..."

"दोन अठ्ठावन्न. फार तर सत्तावन्न." तो खुर्चीत बसला. "सायर्सच्या बरोबरीनं. किंचित मागेच."

"हे आधी कुणालाच कसं कळलं नाही?"

"कळणार कसं? आपण कधी एकाच पोराला दोन्ही मापांनी मोजलं नाही. आणि तक्त्यात वेळेसाठी चौकट एकच आहे. कशानं मोजलं ते विचारतच नाही."

तो तक्ता मी भरते. बावीस वर्षं अंगठ्याचे आकडे आणि गेल्या वर्षापासून चिपचे आकडे एकाच चौकटीत माझ्याच हातांनी गेले होते.

"वर्डेल," मी दार लावून घेतलं, "हे कुणाला सांगू नकोस."

तो बघतच राहिला.

"बघतोस काय? अंगठ्यानं मोजणारा आता तू एकटाच उरलास. तू गप्प बसलास तर जगाच्या अंतापर्यंत कळणार नाही. उद्या नऊ वाजता उभा राहा, दोन अडतीस म्हण आणि खाली बस. पोराची जागा राहील."

"आणि सायर्स?"

"त्याला पन्नास जण झेलायला बसलेत. त्याची काळजी तू कशाला करतोस?"

"मी त्याची नाही करत." तो घड्याळाची दोरी बोटाभोवती गुंडाळत होता. "ओस्टर मला पगार देतो तो माझ्या डोळ्यांचा. उद्या मी खोटं मोजलं तर माझ्याकडे राहिलं काय? भूगोल?"

"मग ते राहू दे तुझ्याकडे आणि त्या पोराला घाल खड्ड्यात!"

मला त्याचा खरंच राग आला होता. काही माणसांचा प्रामाणिकपणा दुसऱ्यांच्या खिशातून खर्च होतो, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघून गेला. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा तो गाडी ठेवायच्या आवारात, आपल्या गाडीत बसलेला दिसला. शेंगांची पिशवी मांडीवर, एकही न सोललेली. मी काच वाजवली नाही.

गुरुवारी नऊला भिंतीपुढे आम्ही चौघं होतो. ओस्टर, मर्झ, वर्डेल आणि टिपणं घ्यायला मी. ओस्टर म्हणाला, "कुणाला काही नवीन म्हणायचंय?" हे तो रीत म्हणून विचारतो. मर्झनं नाही म्हणून मान हलवली. वर्डेल उभा होता, नियमाप्रमाणे. मी वहीत खाली बघत राहिले. ओस्टर पेनाचं टोपण लावायला लागला. मी मनात म्हटलं, बस आता खाली, म्हाताऱ्या, बस.

"माझा आकडा खोटा आहे," वर्डेल म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझ्या अंगठ्याचे आकडेसुद्धा वाचून दाखवले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओस्टरनं चित्रफीत मागवली, स्वतः घड्याळ हातात घेतलं आणि पाच पास मोजले. मर्झनं पाच मोजले. खोलीत फक्त ते बटण वाजत होतं. सगळ्यांचे अंगठे तेच सांगत होते.

ओस्टरनं घड्याळ टेबलावर ठेवलं. "म्हणजे कीनन घसरलेला नाही."

"नाही!" वर्डेलला त्यात आशेचा धागा दिसला. तो घाईघाईनं बोलू लागला. मी त्याला घाईत असा पहिल्यांदाच पाहत होते. "तेच तर सांगतोय. तो बिघडला नाही, आळशी झाला नाही. आला तेव्हा जेवढा होता तेवढाच आज आहे. दोन शेळ्यांच्या मागे उभा राहून, सर. पुढे एक रेडा द्या आणि मग बघा!"

"वर्डेल, तो घसरला असता तर मी त्याला ठेवला असता. परत वर आणता आला असता. तू म्हणतोस तो एवढाच आहे. मग मी वाट कशाची बघू?"

वर्डेलचं तोंड उघडं राहिलं. मर्झ भिंतीकडे बघत होता. दोन वर्षं तो कुठल्या आकड्यासाठी ओरडत होता, हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"सायर्स," ओस्टर म्हणाला. "रूडॉल्फसाठी दुपारपर्यंत गिऱ्हाईक बघतो. कळवायचं काम माझं ऑफिस करेल."

"फोन मी करतो."

"ते तुझं काम नाही."

"शब्द माझा होता," वर्डेल म्हणाला आणि परवानगीची वाट न बघता बाहेर पडला.

तो माझ्याच खोलीत आला. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येतं, म्हणून त्यानं माझा टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला. मी उठायला लागले, तर त्यानं हातानं बस म्हणून खुणावलं.

"कोच पी!" पलीकडून कीननचा धापा टाकणारा आवाज आला. "आज तर तुमचा मोठा दिवस. मी इथे मैदानावरच आहे. पहाटेपासून दोनशे फेकले. एक तर दोन एक्कावन्नचा आला! येतंय, कोच. परत येतंय. मर्झना सांगा."

वर्डेलनं डोळे मिटले. "कीनन, बस जरा."

"बसलो."

"आज संध्याकाळी आपण सायर्सला घेतोय. तुला दुसऱ्या संघात पाठवतील. कुठे ते ठरलं नाही."

धापा थांबल्या. तो म्हणाला, "पण भिंतीवर माझा आकडा सगळ्यात चांगला होता ना?"

"तो आकडा चुकीचा होता. चूक माझी. माझ्या अंगठ्याची." आणि वर्डेलनं त्यालाही सगळं सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, सावकाश. "आजच्या मापानं तू कॉलेजात दोन सत्तावन्न-अठ्ठावन्न होतास."

"आणि आत्ता?"

"आत्ताही तेवढाच."

"म्हणजे मी हळू झालोच नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाळा."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"कोच, मी तीन डॉक्टरांकडे जाऊन आलोय," कीनन म्हणाला. "खांद्यासाठी. कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. तिघंही म्हणाले काही झालेलं नाही. मला वाटलं, लपवतायत. मला वाटलं, आत काहीतरी तुटलंय आणि ते मला एकट्यालाच माहितीय. चेंडू हातात आला की मी माणूस बघायचोच नाही, कोच. मी आकडे मोजायचो. एक, दोन, आणि सोडून द्यायचो. मोकळा कोण आहे तेही न बघता. सगळे पास तसेच तर गेले. समोरच्या संघाच्या हातात."

वर्डेल माझ्या टेबलाची कड धरून उभा होता. त्याला बसायला सांगायचं मला सुचलं नाही.

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

"हो," कीनन म्हणाला. "तुमच्यामुळे."

तो रडत होता की काय, मला सांगता येणार नाही. पण त्यानं फोन ठेवला नाही, आणि वर्डेलनंही ठेवला नाही.